सासूसासरे 11 दिवस मुक्कामाला येतायत. 'काहीही चालतं' म्हणतात आणि काहीच खात नाहीत!

ओट्यावरची:
मंडळी, मदत हवी आहे. पुढच्या शनिवारी माझे सासूसासरे 11 दिवसांसाठी येतायत. माणसं गोड आहेत. टोमणे नाहीत, भांडण नाही. फक्त जेवत नाहीत.

गेल्या खेपेला मी हौसेनं दोन भाज्या, कोशिंबीर, डाळ, भात, पोळ्या, वर गोड असं सगळं मांडलं. सासऱ्यांनी डाळभात घेतला, त्यातली मोहरी आणि जिरे बोटानं वेचून ताटाच्या कडेला त्यांची रांग लावली आणि "पोट भरलं" म्हणून उठले. सासूबाई "अगं, मला काहीही चालतं" म्हणत अर्धी पोळी डाळीत बुडवून बसल्या. रात्री साडेदहाला मी पाणी प्यायला उठले तर दोघं स्वयंपाकघरात दिवा न लावता दुधात ब्रेड बुडवून खात होते. मी तशीच मागे फिरले, त्यांना कळू दिलं नाही. चमचा कपाला लागू नये म्हणून किती जपून ढवळत होते!

नवऱ्याला विचारलं, ते घरी काय खातात? उत्तर : "सगळं खातात की." हा माणूस 19 वर्षं त्या घरात राहत नाही. नणंदेला विचारलं तर तिनं 'नको'ची यादीच पाठवली : वांगं, भेंडी, फ्लॉवर, मशरूम, कच्चा कांदा, टोमॅटो (शिजलेला चालतो, 'तसा' नको), तीळ, आंबट दही, कोथिंबीर वरून घातलेली, फार तिखट, फार मऊ, फार कडक, आदल्या दिवशीचं, आणि शेवटी "एकात एक मिसळलेलं काहीही".

आम्ही दोघंही साडेआठला बाहेर पडतो आणि सातला परत येतो. दोन वेगळे स्वयंपाक माझ्यानं होणार नाहीत. 11 दिवसांचं गणित कसं बसवू?

आळशी_आचारी:
यादी वाचून हसलो, माफ करा. "फार मऊ, फार कडक" यांच्या मधोमध काय उरतं?

गंमत बाजूला. एक काम करा. त्या यादीसमोर तीन रकाने आखा : आवडत नाही, सोसत नाही, चालत नाही. आवडत नाही म्हणजे चव, वास, पोत. सोसत नाही म्हणजे पोट, दात, औषधं. चालत नाही म्हणजे त्यांचा नेम, त्यात आपण पडायचं नाही. नणंदेनं तिन्ही एकाच गोणीत भरून पाठवलेत. पहिल्या रकान्यात थोडी घासाघीस होऊ शकते, दुसऱ्यात अजिबात नाही. आणि हे तीन रकाने नवऱ्याला भरायला लावा. आईवडील त्याचे आहेत.

जावईबुवा_झारा:
आमच्याकडे उलटी गंगा. स्वयंपाक मी करतो आणि येतात ते बायकोचे आईवडील. जावयानं केलेलं नाकारायचं कसं या संकोचात सासरे सगळं खातात आणि रात्री आम्लपित्ताची गोळी घेतात. हे मला 4 वर्षांनी कळलं, तेही गोळ्यांचं रिकामं पाकीट कचऱ्यात दिसलं म्हणून. तेव्हा नाकारणारे पाहुणे बरे म्हणायची पाळी.

माझा अनुभव : "काय आवडतं?" हा प्रश्नच चुकीचा. त्यावर लोक सणासुदीचे पदार्थ सांगतात, नाहीतर "काहीही" म्हणतात. त्याऐवजी फोनवर सहज विचारा, "काल रात्री काय केलं होतंत?" दोन दिवसांनी पुन्हा. असं पाच वेळा विचारलं की त्यांच्या घरचा खरा आठवडा हाती लागतो. माझ्या सासूबाईंच्या पाच उत्तरांत मिळून चारच पदार्थ निघाले. चार पदार्थ मला येतात.

कडक_कणीक:
स्पष्ट बोलते, राग मानू नका. मोठी माणसं आहेत, कुक्कुली बाळं नव्हेत. घरात जे शिजेल ते खावं. आपण सासरी गेलो की आपल्याला कोण यादी विचारतं? 11 दिवस डाळभात खाल्ला तर काही बिघडत नाही. तुम्ही नोकरी करता, हॉटेल चालवत नाही.

ओट्यावरची:
@कडक_कणीक, राग नाही हो. अर्धी मी तुमच्याच बाजूची आहे. पण ते अंधारातलं दूध-ब्रेड डोळ्यांपुढून जात नाही. खात नाहीत याचा त्रास नाही, उपाशी राहून आमच्यासमोर "पोट भरलं" म्हणतात याचा आहे.

@आळशी_आचारी, रकाने नवऱ्याला दिले. दहा मिनिटं पेन चावून त्यानं सगळं 'आवडत नाही'मध्ये टाकलं आणि म्हणाला, "बाबांना पूर्वी भेंडी आवडायची बहुतेक." बहुतेक!

मागच्या_दाराची_सासू:
अगं, मी पलीकडच्या बाजूची आहे, सासू. वय 71. मुलाकडे वर्षातून दोनदा जाते आणि तिथे तुझ्या सासूबाईंसारखंच "मला काहीही चालतं" म्हणते. का म्हणते ते सांगते.

एक तर सून दिवसभर बाहेरून दमून येते. तिला "जरा मऊ कर" म्हणायची जीभ रेटत नाही. दुसरं, आपल्या घरी मी जेवताना तीनदा उठते. मीठ घेते, थोडं कोमट पाणी घेते, डाळ जरा पातळ करते. तिथे उठायची चोरी. मी उठले की सून उठते, सून उठली की मुलगा "आई, बस ना" म्हणतो. मग जे पुढ्यात आहे त्याचे चार घास खाऊन गप्प बसायचं. दुसऱ्याचा फ्रीज उघडणं हे आमच्या पिढीला दुसऱ्याचं कपाट उघडण्यासारखं वाटतं गं.

तिसरं, वेळ. घरी आम्ही साडेसातला जेवून मोकळे. मुलाकडे साडेनऊला ताटं मांडतात. तोवर भूक मरते. आणि उशिरा जेवून वर पाणी प्यायलं की रात्री दोनदा उठावं लागतं, परक्या घरातल्या अंधारात. म्हणून मुद्दाम कमी जेवते. हे मी सुनेला कधी सांगितलेलं नाही, इथे नाव नाही म्हणून लिहितेय.

आणि आता मुद्द्याचं. सासऱ्यांनी मोहरीची रांग लावली म्हणालीस ना? त्यांना कवळी आहे का गं? पूर्ण नसेल, दोन-तीन दातांची असेल. मोहरी, जिरे, तीळ, टोमॅटोच्या बिया, वांग्याच्या बिया कवळीखाली गेल्या की बारीक खडा बुटात गेल्यासारखं होतं. टोमॅटोचं साल टाळूला चिकटतं. चारचौघांत तोंडात बोट घालून काढता येत नाही. तुझी यादी पुन्हा वाच. निम्मी यादी बियांची आहे.

जावईबुवा_झारा:
वा! काय नेमकं धरलंत!

ओट्यावरची:
मी आत्ता यादी घेऊन बसले आणि अंगावर काटा आला. वांगं, तीळ, टोमॅटो 'तसा', भेंडी... सगळ्यांत बिया. "फार कडक" तर उघडच आहे. पण नवरा म्हणतो बाबांना कवळीबिवळी काही नाही. विचारू कसं?

मागच्या_दाराची_सासू:
तू विचारू नकोस. नवऱ्यानंही थेट विचारू नये, नाहीच म्हणतील. सासूबाईंना सहज म्हणायचं, "माझे दात हल्ली फार दुखतात, बाबांना कधी त्रास होतो का हो?" त्या सगळं सांगतील.

गोळी_आणि_घोट:
औषधांच्या दुकानात बसते, त्यामुळे दुसऱ्या रकान्याबद्दल थोडं लिहिते. डॉक्टर नाही मी. त्यांच्या औषधांबद्दल शंका असेल तर त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

वॉर्फरिन ही रक्ताच्या गुठळ्या रोखणारी गोळी घेणाऱ्यांच्या बाबतीत पालेभाज्यांकडे लक्ष हवं, कारण त्यातलं व्हिटॅमिन के गोळीच्या उलट काम करतं. याचा अर्थ पालेभाजी बंद असा नाही. रोज साधारण तेवढीच हवी. घरी आठवड्यातून एकदा खाणाऱ्याला आपण प्रेमानं रोज पालक वाढला की गोळीचं गणित बिघडतं.

थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घेतात आणि त्यानंतर 30 ते 60 मिनिटं काही खात नाहीत. म्हणजे सासूबाई सकाळी चहाला "नंतर घेते" म्हणाल्या तर तो रुसवा नसेल, गोळी असेल. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून 4 तास लांब.

'लो सोडियम' मीठ कौतुकानं आणू नका. त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना किंवा रक्तदाबाची काही औषधं घेणाऱ्यांना ते धोक्याचं ठरू शकतं.

आणि चव. वयानुसार वास घेण्याची ताकद कमी होते आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यात मोठा वाटा वासाचा असतो. मधुमेहाच्या मेटफॉर्मिननं काहींच्या तोंडात धातूसारखी चव येते. त्यामुळे "सुनेच्या हाताला चव नाही" असं ऐकू आलं तर आधी गोळ्यांची पिशवी आठवा, मग रडा.

आळशी_आचारी:
"मग रडा" हे ओट्यावर चिकटवून ठेवतो.

कोथिंबिरीबद्दल : काही लोकांना तिचा वास खरोखर साबणासारखा येतो. तिच्यात अल्डिहाइड गटातली द्रव्यं असतात आणि ती ओळखणाऱ्या वासाच्या जनुकात माणसामाणसांत फरक असतो. माझा भाऊ त्यातलाच. आम्ही लहानपणी त्याला नाटकी म्हणायचो. कोबी, फ्लॉवरच्या घराण्यातल्या भाज्यांचा कडवटपणाही काहींना इतरांपेक्षा जास्त लागतो, तेही बरंचसं जन्मजात. तेव्हा कोथिंबीर वेगळ्या वाटीत ठेवा. विषय संपला.

एकभांडी:
मी दोन पिढ्या आणि तीन पथ्यं असलेल्या घरात रोज स्वयंपाक करते. माझा नियम एकच : भांडं एक, फोडणी दोन. डाळ, भाजी, उसळ जे असेल ते हळद-मिठावर शिजवून घ्यायचं आणि फोडणीच्या आधी वाटणी करायची. एका भागाला सौम्य फोडणी, दुसऱ्याला हवी तशी. वेळ फक्त 5 मिनिटं वाढतो आणि दोन स्वयंपाक केल्याचं दुःख होत नाही.

मीठही आधी कमीच. जास्त झालं तर बटाटा घातल्यानं मीठ 'ओढलं' जात नाही. बटाटा आजूबाजूचं खारट पाणी पितो, बाकी रस्सा तेवढाच खारट राहतो. बिनमिठाची डाळ किंवा पाणी वाढवणं हाच उपाय. तिखट जास्त झालं तर मात्र दूध, दही, सायीनं खरंच उतरतं, पाण्यानं नाही.

माप : मोठ्या माणसाला एका जेवणाला कच्चे तांदूळ 60 ते 75 ग्रॅम आणि कच्ची डाळ 30 ते 40 ग्रॅम भरपूर होतात. वयस्कर पाहुण्यांसाठी याच्या निम्म्यानं सुरुवात करा. मोठं ताट भरून समोर आलं की अर्धी भूक तिथेच जाते. लहान ताट, लहान वाट्या, आणि पातेली टेबलावर, त्यांच्या हाताच्या अंतरावर. वाढायला उभं राहू नका.

तुम्ही दिवसभर बाहेर असता म्हणून : कणीक मळलेली फ्रीजमध्ये, भाज्या चिरून कोरड्या डब्यात, कांद्याचं परतलेलं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून. दोन तुकडे काढले की एका भाजीचं काम झालं. लसूण दिसायला नको असेल तर अख्ख्या पाकळ्या डाळीबरोबर शिजवा आणि घोटून टाका. लसणाचा उग्रपणा चिरल्या-ठेचल्यावर तयार होतो, अख्खी शिजवली तर ती गोडसर लागते. (त्यांच्या यादीत लसूण नाहीये म्हणून सांगतेय. असता तर घोटून घाला असं कधीच म्हटलं नसतं.)

चूक_माझीच:
@एकभांडीच्या त्या कंसाबद्दल मला बोलायचंय, कारण ते पाप मी केलंय.

माझ्या सासूबाई दुधी खात नाहीत. मला वाटलं, दुधीला चव असतेच कुठे, कळणार नाही. सूपमध्ये मिक्सरला फिरवून घातला. त्या दोन वाट्या प्यायल्या, छान म्हणाल्या. आणि मी मूर्खासारखी टाळी वाजवून म्हणाले, "बघा, दुधी होता!"

त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढचे सहा दिवस माझ्या हातचं जे जे वाटलेलं, घोटलेलं, रस्सा असलेलं होतं, त्यातलं काही त्यांनी घेतलं नाही. फक्त दिसेल तेच खाल्लं. अख्खा बटाटा, कोरडा भात, पोळी, केळं. एका दुधीपायी पंधरा पदार्थ गेले. मला आधी तो हट्ट वाटला. मग कळलं की त्या माझ्या स्वयंपाकावर नाही, माझ्यावर विश्वास ठेवून जेवत होत्या.

आणि कुणाला एखाद्या गोष्टीची खरी अ‍ॅलर्जी असेल तर हा खेळ जिवावर बेततो.

कडक_कणीक:
बरं, माघार घेते. थोडीच. कवळीचं मला सुचलं नव्हतं, माझ्या वडिलांनाही आहे. पण 'आदल्या दिवशीचं नको' हे मात्र नखरे आहेत. डाळ फ्रीजमध्ये नीट ठेवली तर काय होतं?

गोळी_आणि_घोट:
डाळीला दोन-तीन दिवस काही होत नाही, झटपट गार करून फ्रीजमध्ये ठेवली आणि खाताना वाफा येईपर्यंत तापवली तर. भाताचं वेगळं आहे. तांदळातल्या बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास ओट्यावर कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यातलं एक विष पुन्हा तापवूनही जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात गार करून 2 तासांच्या आत फ्रीजमध्ये, उन्हाळ्यात 1 तासातच. म्हाताऱ्या माणसांना अशा दुखण्याचा त्रास जास्त होतो. तेव्हा शिळ्याला घाबरणं अगदीच नखरा नाही.

आणि उसळीत राजमा करणार असाल तर रात्रभर भिजवा, ते पाणी फेका आणि नव्या पाण्यात किमान 10 मिनिटं खळखळ उकळी हवीच. मंद आचेच्या भांड्यात कच्चा राजमा टाकून ऑफिसला जाऊ नका.

एकभांडी:
@कडक_कणीक, पाहुण्यांसाठी डाळ शिजवून बिनफोडणीची फ्रीजमध्ये ठेवा आणि रोज ताजी फोडणी द्या. घरभर फोडणीचा वास आला की ते 'आजचं' होतं. ही फसवणूक नाही. विचारलं तर खरं सांगायचं.

ओट्यावरची:
आले. आज दुसरा दिवस.

सासूबाईंना दातांचं विचारलं, सांगितलं होतं तस्संच. त्या आधी दाराकडे बघून आल्या, मग हळूच म्हणाल्या, "त्यांना चार महिन्यांपूर्वी नवी बसवलीय. खालची. कुणाला सांगू नकोस, मुलालासुद्धा नाही." जुनी त्याआधी सहा वर्षं होती! म्हणजे गेल्या खेपेला ती मोहरीची रांग... आणि मी मनात काय काय बोलले होते तेव्हा.

मी विचारलं, मग घरी फोडणी कशी करता? तर म्हणाल्या, "गाळून." तेल तापवून मोहरी, जिरे तडतडवायचे आणि चहाच्या स्टीलच्या गाळण्यातून ते तेल डाळीवर ओतायचं. वास सगळा डाळीत, दाणे गाळण्यात. इतकं साधं. तीन वर्षं मी चार-चार भाज्या करतेय.

आळशी_आचारी:
गाळण्यातून गरम तेल ओतताना प्लॅस्टिकचं गाळणं वापरू नका एवढंच. (हो, मी केलंय. नाही, फोटो नाही.)

ओट्यावरची:
पाचवा दिवस. जमेल तसं लिहितेय.

जेवणाची वेळ साडेसात केली. आम्ही सातला घरात शिरतो म्हणून रोज काही जमत नाही. मग दोन दिवस त्यांना आधी जेवा म्हटलं, तर ऐकेनात. शेवटी नवऱ्यानं साडेपाचला त्यांच्यासाठी काहीतरी खायला असायलाच हवं असं ठरवलं आणि सकाळी तो स्वतः करून ठेवतो. उकडलेला बटाटा, पिकलेलं केळं, दह्याची वाटी. दही रोज ताजं विरजून, आंबट नाही. वाटी ओट्यावर आणि शेजारी चिठ्ठी "आईबाबांचं". फ्रीज उघडायचा प्रश्नच नाही.

पातेली टेबलावर ठेवली. पहिल्या रात्री सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, मी वाढायला उठतेय का. मी मुद्दाम फोनमध्ये डोकं घातलं. त्यांनी डाळीत गरम पाणी घालून ती पातळ केली, चव घेतली, चिमूटभर मीठ टाकलं. मग सासऱ्यांच्या वाटीत ओतली. ते सगळं इतक्या सराईतपणे की मला कळलं, हे रोजचं आहे. गेल्या वर्षी याला आम्ही जागाच ठेवली नव्हती.

भेंडीचा प्रयोग फसला. धुऊन पूर्ण कोरडी केली, मोठे तुकडे, झाकण न ठेवता मोठ्या आचेवर परतली, शेवटी लिंबू आणि मीठ. तार अजिबात सुटली नाही, अशी माझी आजवरची उत्तम भेंडी. सासऱ्यांनी एक तुकडा घेतला, चावला आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "चिकट नाहीये. पण भेंडीच आहे ना." भेंडी आम्ही दोघांनी संपवली.

मागच्या_दाराची_सासू:
हे छान झालं बरं का. तोंडावर नको म्हणाले. मागच्या वेळी म्हणाले असते का?

जावईबुवा_झारा:
"पण भेंडीच आहे ना" यावर मी ऑफिसात मोठ्यानं हसलो. "एकात एक मिसळलेलं नको"चं काय निघालं? मला त्याची उत्सुकता आहे.

ओट्यावरची:
त्याचं कारण काहीच नाही निघालं! दात नाहीत, गोळी नाही. सासूबाईंना लहानपणापासून ताटात डाळ भाजीला लागलेली आवडत नाही, बस्स. तीन छोट्या वाट्या दिल्या. पहिल्या रकान्यातलं तेवढंच एक खरं निघालं. मशरूमही तसंच, "रबर खाल्ल्यासारखं वाटतं" म्हणाल्या. मलाही आता तसंच वाटायला लागलंय.

कडक_कणीक:
काल वडिलांकडे गेले होते. फोडणी गाळून डाळ केली. त्यांनी काही विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. दोनदा घेतली.

ओट्यावरची:
अकरावा दिवस, गाडी संध्याकाळची. शेवटचं लिहून मोकळी होते.

सगळे दिवस काही सुरळीत गेले नाहीत. आठव्या दिवशी मला मीटिंग लांबली, नवऱ्यानं हौसेनं बाहेरून मागवलं, ते इतकं तिखट निघालं की चौघांनी शेवटी दूधभात खाल्ला. पण दिवा लावून, एकत्र, हसत. नवव्या दिवशी सासूबाईंनी ओट्याचा ताबा घेतला. माझा मीठाचा डबा कुठे गेला ते आजही सापडलेलं नाही. एक दिवस मी चिडले, नवऱ्यावर, तो म्हणाला "तू उगाच एवढं करतेस." एवढं म्हणजे काय तर डाळ, भात, एक भाजी आणि पोळ्या. तीन वर्षांत सगळ्यात कमी स्वयंपाक याच खेपेला झाला.

काल रात्री जेवताना सासऱ्यांनी कवळी काढली. टेबलावरच, सगळ्यांसमोर, रुमालात गुंडाळून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "हिला आज सुट्टी." नवरा घास हातात धरून बघतच राहिला. त्याला कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं. मऊ भात होता, गाळलेल्या फोडणीची डाळ होती. त्यांनी तिसऱ्यांदा भात घेतला.

आत्ता बॅगा भरताना सासूबाई गाळणं शोधत होत्या. मला वाटलं चहासाठी. तर म्हणाल्या, "तुझ्या गाळण्याची जाळी फार बारीक आहे गं, आमच्याकडे जिरे निसटतात." ते गाळणं त्यांच्या बॅगेत गेलं. मला उद्या नवीन आणायचंय.

आळशी_आचारी:
स्टीलचं आणा.

चूक_माझीच:
माझ्या सासूबाई पुढच्या महिन्यात येतायत. दुधीचं अजून निघतं. याच धाग्यावर लिहू की नवा काढू?

मागच्या_दाराची_सासू:
इथेच लिही गं. आणि या वेळी सूप करू नकोस.